प्लॅनिंग शिकायला मुलं का येतात हे एकदा त्यांनाच विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरबरोबर करिअरची पुरवणी आली होती, ती मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, कारण घरात बारावी झालेली भाची आहे आणि तिची आई रोज फोन करून विचारते, ताई तू शिकवतेस ना, मग सांग की हिला कुठं घालू. एआयला अख्खं पान, डेटा सायन्सला अर्धं, ॲनिमेशनला अर्धं, आणि अर्बन प्लॅनिंगला, म्हणजे शहर नियोजनाला, खालच्या कोपऱ्यात दोन ओळी. सिव्हिल आणि आर्किटेक्चरवाल्यांना पुढे शिकायचा एक पर्याय, सरकारी नोकरीची संधी, एवढंच. चूक काही नाही त्यात. पण गेली अकरा वर्षं मी पुण्यात प्लॅनिंगच्या मास्टर्सच्या मुलांना शिकवतेय, आठवड्यातून दोन दिवस, बाकीचे दिवस स्वतःचं प्लॅनिंगचं काम, आणि त्या दोन ओळींमध्ये बसतील अशी मुलं मला वर्गात फार थोडी दिसतात, म्हणून हे पत्र लिहायला बसले. लांबेल थोडं. छापताना कापलंत तरी चालेल पण आधी पूर्ण वाचा एवढी विनंती.

दरवर्षी पहिल्या दिवशी मी काही शिकवत नाही. सगळ्यांना गोल बसवते आणि दोनच गोष्टी विचारते, कुठून आलात आणि का आलात. पहिल्या फेरीत मुलं ॲडमिशनच्या इंटरव्ह्यूत जे बोललेली असतात तेच परत बोलतात, शाश्वत विकास, स्मार्ट सिटी, समाजासाठी काहीतरी करायचंय. मी ऐकून घेते. मग चहा होतो, आणि चहानंतर परत तोच प्रश्न, ह्या वेळी म्हणते की गावाचं नाव सांगा आणि गावातली एक जागा सांगा. तिथून पुढे खरी उत्तरं यायला लागतात.

आधी सरळ सांगते, काही जण स्टायपेंडसाठी येतात. गेटची परीक्षा पास असलं की मास्टर्सची दोन वर्षं महिन्याला 12,400 रुपये मिळतात, आणि सिव्हिल करून साइटवर पंधरा हजारात उन्हात उभं राहण्यापेक्षा ते बरं असं कुणी म्हटलं तर त्यात मला काही वावगं वाटत नाही, ज्याच्या घरी तेवढे पैसेही महत्त्वाचे असतात त्यालाच ते कळतं. काही जण एमपीएससीच्या नगररचनाकाराच्या जागेवर डोळा ठेवून येतात. आर्किटेक्ट असतात, तीन-चार वर्षं फर्ममध्ये एकाच फ्लॅटच्या किचनचे ऑप्शन काढून कंटाळलेले, त्यातली एक म्हणाली होती की मॅडम मी दीड वर्ष एका बिल्डिंगच्या लॉबीवर काम केलं आणि त्या बिल्डिंगच्या गेटबाहेर फुटपाथ नव्हता, रोज मीच तिथून रस्त्यावरून चालत जायचे, मला त्या गेटबाहेरचं काम करायचंय. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रात एमए करून आलेली मुलंही असतात, बऱ्याच ठिकाणी त्यांनाही ॲडमिशन मिळते, हे तुमच्या पुरवणीत यायला हवं होतं कारण तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांना हे माहीतच नसतं.

आता 2022 सालची गोष्ट. सांगलीचा एक मुलगा होता, गावभाग ह्या जुन्या वस्तीतला. मी स्वतः सांगलीची. चहानंतर त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भिंतीवर तीन रेषा आहेत. खालची 2005 ची, आजोबांनी पेन्सिलनं मारलेली. सगळ्यात वरची 2019 ची, ती वडिलांनी विळ्यानं कोरून ठेवली कारण पेन्सिल तोवर पुसट झाली होती. आणि मधे 2021 ची, ती मी मार्करनं मारली, तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आजी म्हणते रंग द्या भिंतीला, आणि वडील म्हणतात नको.

मला पटकन काही बोलता आलं नाही. सांगलीच्या माणसाला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पावसाळ्यात आम्ही सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतो, पुलाखाली किती फूट झालं. 40 ला इशारा, 45 ला धोका आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. त्या मुलाला काय शिकायचं होतं, तर एवढंच की पूररेषा कोण आखतं. दुसऱ्या सेमिस्टरला आम्ही ते शिकवतो. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा, निळीच्या आत बांधकाम नको, निळी आणि लालच्या मधे जोतं वर उचलून अटींवर परवानगी. त्यानं नकाशावर स्वतःचं घर शोधलं, ते दोन्ही रेषांच्या मधे होतं. मग वहीत हिशोब करून माझ्याकडे आला, मॅडम निळीच्या बाहेर म्हणजे 25 वर्षांतून एकदासुद्धा पाणी यायला नको, आमच्याकडे 2005 ते 2021 सोळा वर्षांत तीनदा आलंय, मग रेषा चुकली की नदी बदलली. मी म्हटलं हाच तुझा थिसिस. पुढचे चौदा महिने तो पोरगा पाटबंधारे खात्याचे जुने आकडे, धरणाच्या विसर्गाच्या नोंदी, ओढ्यांवरचे भराव ह्यांच्या मागे होता, आणि मला वाटतं त्याला कुणी पॅकेज किती असं विचारलं असतं तर त्याला प्रश्नच समजला नसता.

मी स्वतः ह्या विषयात कशी आले तेही सांगते कारण त्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. 2005 साली मी मुंबईत एका साइटवर ज्युनियर इंजिनिअर होते, पहिलीच नोकरी. साइटच्या मागच्या बाजूला नाला होता आणि त्याच्या काठी आमचा भराव चालू होता. माझं काम काय, तर डंपरच्या ट्रिपा मोजायच्या आणि रजिस्टरला सही करायची. रोज संध्याकाळी सही करायचे मी. 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे, त्या रात्री मी साकीनाक्याहून घाटकोपरला होस्टेलवर चालत निघाले, कमरेएवढं पाणी, अनोळखी बायकापुरुषांनी एकमेकांचे हात धरून साखळी केलेली, पुढचा माणूस ओरडून सांगायचा इथं मॅनहोल आहे डावीकडून या. पोचायला पहाट झाली. दोन दिवसांनी साइटवर गेले तर नाल्यापलीकडच्या वस्तीतले लोक घरातला चिखल पत्र्यानं ओढून बाहेर काढत होते, एक बाई भिजलेली रेशनची पोती उलटी करत होती, आणि आमचा भराव जिथल्या तिथं होता. पाणी वळून त्यांच्याकडे गेलं होतं. रजिस्टर कपाटात होतं, त्यावर माझ्या सह्या.

त्यानंतर आठवड्याभरात सांगलीला आमच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं. आमचं घर शामरावनगरच्या बाजूला, गुंठेवारीतलं. वडिलांनी पीएफ काढून दोन गुंठे घेतले होते, एनए नाही, लेआउट नाही, स्टॅम्प पेपरवर व्यवहार, सांगली-मिरजेत हजारो लोकांनी असंच घेतलं कारण पगारात बसणारी जागा तेवढीच होती. पुढे 2001 साली गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, घरं नियमित झाली, पण काळ्या मातीतला खोलगट भाग नियमित कसा होणार, पाणी जायला वाट कुठेच नव्हती. मी वडिलांना विचारलं, इथं बांधायला परवानगी कुणी दिली. ते म्हणाले, परवानगी कुणी दिली नाही बाळ, आणि अडवलंही कुणी नाही. ते वाक्य मी विसरले नाही. पुढच्या वर्षी मी मास्टर्सला ॲडमिशन घेतली.

म्हणून मुलं जेव्हा सांगतात तेव्हा मला कळतं की ती काय सांगतायत. गावाचं असं का झालं आणि हे ठरवलं कुणी, हा प्रश्न घेऊन ती आलेली असतात, आणि त्याचं उत्तर आपल्याला वाचता येत नाही ह्याची चीड त्यांच्यात असते.

वाचता येत नाही हा शब्द माझा नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची मुलगी होती, तिचा आहे. ती पहिल्या दिवशी येतानाच एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली होती, त्यात सातबारा, फेरफार, झोन दाखला, नगरपालिकेची दोन पत्रं आणि डीपीच्या, म्हणजे गावाच्या विकास आराखड्याच्या, नकाशाची एक झेरॉक्स, इतकी काळी की त्यात रस्ता कुठला आणि ओढा कुठला ते कळेना. तिच्या वडिलांच्या 14 गुंठ्यांवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं होतं, म्हणजे आराखड्यात ती जागा मैदानासाठी राखून ठेवली होती. हरकती-सूचनांची जाहिरात पेपरात आली होती म्हणे, बारीक अक्षरात, सर्व्हे नंबरांच्या यादीत, वडिलांनी ती पाहिली नाही आणि पाहिली असती तरी समजली नसती. मग दहा वर्षं ना जमीन विकता येते, ना बांधता येतं, ना पालिका पैसे देते. ती म्हणाली, मॅडम घरात तीन पदवीधर आहेत आणि हा एक कागद कुणालाच वाचता येत नाही, तो मला वाचायचाय.

तर तिनं वाचला. पहिल्या सेमिस्टरलाच तिला एमआरटीपी ह्या राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम 127 सापडलं, दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. तिनं त्याच रात्री वडिलांना फोन केला. मला वाटलं हिचं काम झालं, आता ही परीक्षेपुरतं शिकेल.

पण दुसऱ्या सेमिस्टरला स्टुडिओत आम्ही मुलांना पुण्याच्या कडेचा एक वॉर्ड देतो, नवीन हद्दीत आलेला, आणि प्रत्येक प्लॉट पायी फिरून नकाशा रंगवायचा, राहती घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, शाळा-दवाखाने लाल आणि बागा-मैदानं हिरवी. ऑनलाइन नकाशे आहेत, ड्रोन आहेत, तरी आम्ही पायीच फिरवतो. पाच दिवस फिरून ही मुलगी आली, शीट टेबलावर पसरली आणि हिरवी पेन्सिल वर धरून दाखवली, तिचं टोक जसंच्या तसं होतं. अख्ख्या वॉर्डात हिरवा रंग वापरायची वेळच आली नव्हती. पोरं दोन टेम्पोच्या मधे क्रिकेट खेळत होती, स्टंप म्हणून दुधाचा क्रेट, आणि तिच्यादेखत एक चेंडू गॅस एजन्सीच्या गोडाऊनच्या भिंतीपलीकडे गेला तेव्हा ती पोरं चेंडूचा नाद सोडून घरी गेली, कारण तिथला वॉचमन मारतो. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, मॅडम आमच्या गावात त्या बाजूला दुसरं मैदान नाहीये.

मी तिला काही सल्ला दिला नाही, देण्यासारखा नव्हताच. वडिलांचे 14 गुंठे म्हणजे तिच्या धाकट्या भावाचं शिक्षण आणि त्यांचं म्हातारपण. तिनं थिसिस घेतला तो छोट्या नगरपालिकांमधल्या आरक्षणांवर, की ती कागदावरच का राहतात. टीडीआर द्या म्हणतात, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधायचा, विकता येणारा हक्क, पण छोट्या गावात टीडीआर घेणार कोण, तिथं बिल्डरला मूळ एफएसआयच, म्हणजे प्लॉटवर मुळात मिळणारं बांधकामच, पुरून उरतो. रोख द्यायला पालिकेकडे पैसे नाहीत. मग समावेशक आरक्षण, म्हणजे मालकानं थोडा भाग मैदान म्हणून विकसित करून द्यायचा आणि उरलेला स्वतः वापरायचा, ते 14 गुंठ्यांत कसं बसवायचं ह्याचे तिनं सहा लेआउट काढले, त्यातला एक घेऊन ती वडिलांसमोर बसली आणि वडिलांनी विचारलं की मैदान कुठल्या बाजूला, रस्त्याच्या का ओढ्याच्या. पुढचं त्यांच्या घरातलं आहे, ते मी लिहीत नाही. पण जो माणूस दहा वर्षं त्या नकाशाला शिव्या घालत होता त्यानं त्याच नकाशावर बोट ठेवून प्रश्न विचारला, हे मी तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला शिकवल्याचं जे समाधान मिळालं ते कुठल्याही रिझल्टनं मिळालं नव्हतं.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. लातूरची एक मुलगी, 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा नववीत होती, मांजरा धरण कोरडं पडलेलं, घागरींच्या रांगेत भांडणं नकोत म्हणून शहरात जमावबंदी लावलेली तिनं पाहिलीये. तिला जाणून घ्यायचं होतं की शहर वाढवताना पाण्याचा हिशोब कुणी केला होता का. उरणकडचा एक मुलगा, जासईजवळच्या गावचा, त्याच्या आजोबांची भातशेती नवी मुंबईत गेली. 1970 साली सिडको आली तेव्हा आगरी-कोळी लोकांच्या 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण गेले, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या आंदोलनानंतर कधीतरी घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. आमच्या अभ्यासक्रमात नवी मुंबई हे भारतातलं नियोजित शहराचं मोठं उदाहरण म्हणून शिकवतात, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता, शिरीष पटेल ह्यांनी 1965 मध्ये मांडलेली कल्पना, आणि ती खरंच विचार करून मांडलेली होती. तो मुलगा लेक्चर संपल्यावर एवढंच म्हणाला, ह्या प्लॅनवर आमचं गाव पांढरं का आहे. आसपासचे सेक्टर रंगवलेले आणि गावठाणाच्या जागी कोरा पॅच. तेव्हापासून मी ते लेक्चर बदललं, आता पांढऱ्या पॅचपासून सुरू करते.

2015 सालची बॅच तुमच्या लोकांमुळे आली होती असं म्हटलं तरी चालेल. त्या फेब्रुवारीत मुंबईचा नवा डीपी जाहीर झाला, त्यात इतक्या चुका निघाल्या की हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये सरकारला तो आराखडा बाजूला ठेवून दुरुस्त करायला सांगावं लागलं. दोन महिने पेपरात रोज नकाशे, रोज बातम्या, कुठं देवळावरून रस्ता गेलाय, कुठं शाळा गायब आहे. त्या वर्षी पाच-सहा मुलं चहाआधीच म्हणाली की पेपरात वाचलं आणि पहिल्यांदा कळलं की असा काहीतरी कागद असतो ज्यात पुढच्या वीस वर्षांचं सगळं आधीच लिहिलेलं असतं.

ह्या मुलांना मी पॅट्रिक गेडिस शिकवते तेव्हा त्यांना तो लगेच आपला वाटतो. स्कॉटलंडचा माणूस, 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला, मालवणचे समाजशास्त्रज्ञ घुर्ये त्याच्याच पुढाकारानं शिकायला विलायतेला गेले आणि नंतर त्याच्या जागेवर आले. शहर आधी पायी फिरून समजून घ्या आणि मगच हात लावा, सरसकट पाडू नका, हे त्यानं शंभर वर्षांपूर्वी इथल्या गल्ल्यांमधून फिरून सांगितलं. होळकरांच्या इंदूरचं काम त्याच्याकडे होतं तेव्हा शहरात प्लेगची भीती. त्यानं काय केलं, दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या रस्त्यानं न नेता ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरं झाडूनपुसून दुरुस्त केलेली असतील तिकडून न्यायची असं जाहीर केलं. आळ्या-आळ्यांत चुरस लागली, गाड्या भरभरून कचरा बाहेर गेला, आणि मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर करून तो शेवटी जाळला. आपल्याकडे गणपतीची मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जाते ह्याला काय महत्त्व असतं हे माहीत असलेल्या पोरांना ह्यातलं शहाणपण समजावून सांगावं लागत नाही. वर्ग संपला तरी उठत नाहीत.

आणि इतकं सगळं मनात घेऊन आलेल्या मुलांचं पुढे काय होतं, ते लिहिताना मला वाईट वाटतं. नीति आयोगानं सप्टेंबर 2021 मध्ये अहवाल दिला, त्यात म्हटलंय की देशाला 12,000 हून जास्त नगररचनाकार लागतील, राज्यांच्या नगररचना खात्यांमध्ये मंजूर पदं 3,945 आणि त्यातलीही 42 टक्के रिकामी. 2011 च्या जनगणनेतल्या 7,933 शहरी वस्त्यांपैकी 65 टक्क्यांना मास्टर प्लॅनच नाही. आणि बऱ्याच राज्यांत ह्या पदासाठी प्लॅनिंगची डिग्री असायलाच हवी अशी अटही नाही. महाराष्ट्रात 2011 लाच 45 टक्के लोक शहरात राहत होते, आज किती असतील विचार करा. नगरपालिकांना अधिकार देणाऱ्या घटनेच्या 74 व्या दुरुस्तीला तीस वर्षं उलटून गेली, नगर नियोजन हे बाराव्या अनुसूचीतलं पहिलंच काम आहे, पण आपल्या किती नगरपालिकांत स्वतःचा, कायम असा प्लॅनर आहे. मुख्याधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलतात, रचना सहायक दोन-दोन गावांचा चार्ज घेऊन पळत असतो, आणि डीपी करायला बाहेरची एजन्सी येते, ती दुसऱ्या राज्यातनं येते, सॅटेलाइटचा नकाशा घेऊन बसते आणि ओढ्याला नाव असतं हेही तिला माहीत नसतं.

तो सांगलीचा मुलगा पास झाल्यावर आपल्याच भागात काम करायचं म्हणून एका नगरपालिकेत कंत्राटावर लागला, अकरा महिन्यांचं कंत्राट, पगार चार-चार महिने थकायचा, बसायला खुर्ची रेकॉर्ड रूमच्या बाहेर. त्याला पूररेषा आणि बांधकाम परवानग्या एका नकाशावर आणायच्या होत्या, जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहिती जोडणं, त्याला येतं, घरच्या लॅपटॉपवर करत होता. दुसऱ्यांदा कंत्राट वाढवलं नाही. आता तो हैदराबादला एका कंपनीत आहे, दुबईच्या कुठल्याशा टाउनशिपच्या पार्किंगचं काम करतो, पैसे चांगले मिळतात आणि मी त्याला एका शब्दानंही दोष देत नाही. फक्त मागच्या जुलैत पाऊस वाढला तेव्हा त्याचा रात्री अकराला मेसेज आला, मॅडम पुलाखाली किती झालं.

संपादक साहेब, भरतीची जाहिरात काढणं तुमच्या हातात नाही हे मला कळतं. पण दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. पुढच्या वेळी ह्या विषयाला अर्धं पान द्या आणि त्यात पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, अहमदाबादचं सेप्ट, दिल्ली-भोपाळचं एसपीए इथं काय शिकवतात ते लिहा, टिसमध्ये, म्हणजे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, शहरांच्या धोरणावर काय शिकता येतं ते लिहा, गेटचा पेपर कुठला द्यायचा ते लिहा, आर्ट्सच्या मुलांनाही दार उघडं आहे हे ठळक लिहा. फोटो दुबई-सिंगापूरच्या टॉवरचा देऊ नका, एखाद्या वस्तीत क्लिपबोर्ड घेऊन फिरणाऱ्या आपल्या मुलांचा द्या, मी पाठवते.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कुठल्याही गावाचा डीपी हरकतींसाठी जाहीर झाला की तुमच्या त्या जिल्ह्याच्या आवृत्तीत त्याचा नकाशा छापा, रंगीत, अक्षरं वाचता येतील एवढा, सोबत हरकतीची शेवटची तारीख आणि अर्ज कुठं द्यायचा ते. जाहिरातीच्या पानावरच्या सर्व्हे नंबरांच्या यादीवर सोडू नका. नकाशा सोप्या भाषेत समजावून लिहायला माणूस नाही म्हणालात तर माझ्या वर्गात ह्या वर्षी चोवीस मुलं आहेत, सतरा तालुक्यांतली, आपापल्या गावचा नकाशा ती फुकट लिहून देतील, मी त्यांना विचारूनच हे लिहितेय. त्यातल्या सातजणांच्या गावांचे डीपी आत्ता तयार होतायत. गावांची यादी सोबत जोडली आहे.

आपली,
एक वाचक आणि प्लॅनर, पुणे (मूळ सांगली)